‘पाळी’ नावाचा बँड

गिरणी भाड्यानं द्यायची आहे अशी पाटी आम्ही दाराला लावली, तेव्हा पाच-सहा माणसं येऊन बघून गेली. कुणी पावलं टाकून लांबी-रुंदी मोजली, कुणी पत्र्याला काठी लावून बघितली. हा गडी आला, सरळ आत गेला, दार आतनं लावून घेतलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते, ताट हातातनं निसटलं. आत थ्री फेजची तार तशीच लोंबत होती, मला वाटलं चिकटला मेला. गुडघे विसरून पळाले, तर हा दार उघडून हसत उभा.

“बाहीर किती ऐकू आलं, आक्का?”

“मुडद्या, कसब्यापतोर ऐकू आलं असंल!”

“तसं न्हाय. शब्द कळला का?”

“शब्द कुठला? नुसती बोंब.”

“मग भिंती चांगल्या हायत,” तो म्हणाला. “घेतली मी गिरणी.”

तेव्हा तो तिशीचा असेल. धंदा मोटर वायंडिंगचा. शेतातली पाण्याची मोटर जळाली की तिच्यातली काळी पडलेली तांब्याची तार उपसायची आणि नवी भरायची. दिवसभर बारामतीत ते काम आणि सांजेला आमच्या गिरणीत गाणं-बजावणं. गिटारही त्यानं असंच केलेलं. लाकूड कुठल्या तरी मोडक्या दिवाणाचं, आणि पोटात जे चुंबकाचं वेटोळं असतं ते पाणबुडी मोटरच्या उरलेल्या तारेनं स्वतः भरलेलं. म्हणायचा, “मोटर पाणी वर आणती, ही गाणं वर आणती. भरायची रीत एकच.”

ही गिरणी आमच्या मालकांची. ते गेल्यावर मी एकटीनं पुष्कळ वर्षं दळण दळलं. अक्षरओळख मला पिठाच्या डब्यांवरची नावं वाचता वाचता झाली, आणि आता मी हे लिहिते आहे म्हणजे बघा. गिरणी बंद झाली तरी पीठ काही ती सोडत नाही. वाशांवर, पत्र्याच्या पन्हाळीत, भिंतीच्या चिरांत बसून राहतं. यांचा ढोल सुरू झाला की ते सगळं खाली यायचं. वाजवून बाहेर आले की तिघंही डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. शेजारची सून पहिल्यांदा बघून किंचाळली होती.

तिघं म्हणजे हा, आणि ढोल वाजवणारा लोणी भापकरचा एक दूधवाला. ढोल म्हणू नका, ड्रम म्हणा, म्हणून तो मला सारखा टोकायचा. पहाटे टेम्पोनं दूध गोळा करायचा, म्हणून सांजेला वाजवताना पेंगायचा. पण पेंगतानाही ताल सोडायचा नाही. तिसरी एक मुलगी, इंदापूरची. दवाखान्यात नर्स, म्हणून सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. ती जाड तारांचं गिटार वाजवायची, ज्याला बेस म्हणतात. शब्द कमी बोलायची, पण बोलली की समोरचा खाली बसायचा.

बँडला नाव काय द्यायचं, यावर माझ्या ओट्यावर दोन रविवार भांडण झालं. शेवटी यानं म्हटलं, “पाळी.” याचं घर इंदापूर तालुक्यात, कळसला. शेत कालव्याच्या चारीच्या पार शेवटाला, ज्याला तिकडं टेल म्हणतात. वरची रानं भिजून उरलं तर यांना पाणी. त्यामुळं पाण्याची पाळी कधी आहे, हा एकच विषय घरात. दूधवाला म्हणाला, झ्याक नाव हाय, कुळवाची पाळी घातल्याशिवाय रान कुठं तयार होतं? सिस्टर म्हणाली, चालेल, माझा जन्म दिवसपाळी-रातपाळीत चाललाय. तिघांच्या तीन पाळ्या जुळल्या. सिस्टर मात्र मान खाली घालून हसायला लागली.

“हसायला काय झालं?” यानं विचारलं.

“काय न्हाय. कळंल.”

तुम्हाला कळलं असेल. आम्हाला नाही कळलं, आणि त्याचं कारण आहे. बायकांचं जे असतं त्याला आमच्यात पाळी कुणी म्हणायचंच नाही. कावळा शिवला म्हणायचं, अडचण आहे म्हणायचं. पाळी हा शब्द आमच्याकडं मोकळा होता. पाण्याचा, कुळवाचा, कारखान्याचा.

नाव ठेवलं आणि गडी त्या नावाला जागला. गिरणीच्या भिंतीवर खडूनं पाळीपत्रक लिहिलं. चहा कुणी करायचा, तारा कुणी गुंडाळायच्या. इतकंच नाही, भांडणाचीसुद्धा पाळी. सोमवारी सिस्टरनं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, गुरुवारी दूधवाल्यानं. दूधवाल्याचा राग मंगळवारी यायचा, तर बिचारा दोन दिवस धरून ठेवायचा आणि गुरुवारी म्हणायचा, “आता काय बोलायचं हुतं त्येच इसारलो राव!” त्यामुळं भांडणं झालीच नाहीत म्हणा.

आणि गाणं मागून पुढं. म्हणजे ड्रम सगळ्यात मागं असतो ना, तर सुरुवात त्यानं करायची, मग बेस, आणि याचा आवाज शेवटी. मी म्हटलं, अरे लोकं गाणाऱ्याला बघायला येतात. तर म्हणाला, “आक्का, कालव्याचं पाणी टेलपास्नं वर द्यावं आसा कायदाच हाय. कुणी पाळत न्हाय, ती गोष्ट येगळी. आमी पाळतो.”

कुठंही वाजवायला गेले की हा आधी शेवटच्या जागेवर जाऊन उभा राहायचा आणि तिथनं ओरडायचा, “वाजव!” दूधवाला वाजवायचा. “टेलला पोचत न्हाय. वाडीव!” बघणाऱ्यांना वाटायचं, कुणी तरी वायरमन आहे. असंच एकदा मांडववाल्यानं त्याला तीन बल्ब बदलायला लावले. त्यानं बदलले.

बँडचं नशीब म्हणावं तसं उघडलं नाही. दोन-चार ठिकाणी गणपतीपुढं वाजवलं. कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलं, तिथं पोरं नाचून गेली. महामार्गावरच्या एका हॉटेलच्या उद्घाटनाला वाजवलं, तिथं लोकं जेवत होती. लासुर्ण्याच्या एका आजोबांनी बँड म्हणल्यावर लग्नाला ठरवून टाकलं. हे पोचले तर आजोबा म्हणतात, “बाकीची मान्सं कुठं हायती? पिपाणीवाला? आन् कापडं?” कुठनं तरी लाल कोट आणि झालरीची टोपी आणून यांच्या अंगावर चढवली. सिस्टर चिडली. याला मात्र तो कोट इतका आवडला, की परत द्यायला आठवडा लावला. तो कोट घालून दुकानात मोटरी भरत बसायचा.

गिरणीत गाद्या टांगून त्यांनी आठ गाणी भरली आणि कुणालाही ऐकता येतील अशी मोबाईलवर टाकली. त्यातल्या एका गाण्यात माझ्या कुकरची शिट्टी आहे. मी म्हटलं काढून टाका. सिस्टर म्हणाली, “आक्का, तिसरी शिट्टी बरोबर समेवर आलीय. तुमी चौथ्या मेंबर.”

एकदा मी त्याला विचारलं, तुला नेमकं पाहिजे तरी काय रे? मोठं नाव? टीव्हीवर यायचंय?

बराच वेळ तार गुंडाळत राहिला. मग म्हणाला, “एकदा लोकांनी बसून ऐकावं.”

“एवढंच?”

“एवढं लई हाय, आक्का. आजपतोर मी नाचणाऱ्याला, जेवणाऱ्याला आन् चालणाऱ्याला ऐकवलं. बसलेल्या मान्साला एकदा बी न्हाय. एक गाणं, पयल्या शब्दापास्नं शेवटापतोर.”

एकच गाणं त्याचं लाडकं होतं. ‘पाळी चुकली’. त्यात त्याची आई टेलच्या रानात खोरं घेऊन पाण्याची वाट बघते आणि पाणी येत नाही. ‘पाळी चुकली गं माय, पाळी चुकली, वरच्यानं आडिवलं पाणी, खाली माती सुकली.’ ते म्हणताना तो डोळे मिटायचा. गिरणीत ऐकताना माझे भरून यायचे. नाचणाऱ्यांनी त्याच्यावरही नाच केला.

आणि एके दिवशी पुण्याहून एका संस्थेच्या बाईंचा फोन आला. हा ओट्यावर येऊन सांगत सुटला, “आक्का, तेनी ‘पाळी चुकली’ ऐकलं. आफिसातल्या समद्या बायका रडल्या म्हणं. म्हणाल्या, पुरुष असून तुम्ही इतकं मोकळेपणानं बोलता! हॉल हाय. दोनशे खुर्च्या हायत. खुर्च्या!”

“बाई करतात काय?” मी विचारलं.

“पाण्यावरच काम करत असतील. दुसरं काय?”

सिस्टरची रातपाळी होती, ती तेव्हा नव्हती. असती तर तिथंच उलगडा झाला असता.

मीही निघाले. टेम्पोत पुढं मी आणि दूधवाला, मागं कॅन काढून केलेल्या जागेत ड्रम, गिटारं आणि ती दोघं. सकाळी दहाला पुण्यात पोचलो. हॉल खरंच छान. खुर्च्या मऊ, आणि त्यात बायका येऊन बसत होत्या. हा नेहमीप्रमाणं शेवटच्या रांगेत गेला, पण यावेळी उभा राहिला नाही. बसून बघितलं. हात दोन्ही बाजूंना ठेवून, देवळात बसल्यासारखा.

तेवढ्यात सिस्टरनं स्टेजवरचा फलक वाचला. ‘पाळी : चला, मोकळं बोलू या.’ खाली एका टेबलावर पॅड मांडून ठेवलेली. ती मटकन ड्रमच्या पेटीवर बसली आणि तोंडात ओढणी कोंबून हसायला लागली. दूधवाल्यानं विचारलं, काय झालं? तिनं कानात सांगितलं. त्याचा चेहरा त्याच्या दुधासारखा झाला.

“आयला! टेम्पो चालू करू का?”

हा खाली आला. त्यालाही सांगितलं. तो फलकाकडं बघत राहिला. मग खुर्च्यांकडं.

“दादा, ऐका,” सिस्टर म्हणाली. आता ती हसत नव्हती. “कुणाला कळतंय? पाळी ती पाळी. गाणं बसतंय दोन्हीकडं. बाया बसल्यात. तुमाला पायजे तशा बसल्यात. वाजवू आन् निघू.”

मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते पुढ्यात वाढून ठेवलेलं. एक शब्द बोलला नसता तर झालं असतं.

“ही आपली न्हाय,” तो म्हणाला. “दुसऱ्याची हाय.”

“म्हणजे?”

“दुसऱ्याच्या पाळीत आपण पाणी घ्यायचं न्हाय.”

गेला वर आणि माईक हातात धरून सरळ सांगितलं. म्हणाला, “ताईंनो, चूक झाली. आमची पाळी पाण्याची हाय. कालव्याच्या. तुमच्या इषयातलं मला काय बी कळत न्हाय. ज्यांची हाय त्यांनी आधी बोला. आमी मागं बसतो. येळ उरला तर वाजवू, न्हाय उरला तर जातो.”

मग मधल्या रांगेत कुणी तरी फिस्सकन हसलं आणि सगळा हॉल हसायला लागला. बोलावणाऱ्या बाई लाल झाल्या, पण हसल्या त्याही. म्हणाल्या, “ठीक आहे. मग कोण बोलतंय?”

कुणी उठेना. मोकळं बोलायला म्हणून आलेल्या दोनशे बायका, आणि एक जण उठेना. हा शेवटच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेला. मला काय झालं कुणास ठाऊक, मी उभी राहिले.

म्हटलं, “बायांनो, मी गिरणीवाली. अडचणीच्या दिवसांत बाईनं दळणाला हात लावायचा नाही, अशी आमच्यात रीत. आमचे मालक गेल्यावर मी विचार केला, चार दिवस गिरणी बंद ठेवली तर सगळ्या गावाला कळेल मला कधी अडचण असते. त्यापेक्षा बंदच नाही ठेवली. एक महिना नाही. सगळ्यांची दळणं दळली. पुरणाची डाळ भरडली, पूजेच्या प्रसादाचा रवा काढला. सगळ्यांनी खाल्लं आणि सगळे चांगले धडधाकट आहेत. आज पहिल्यांदा सांगते आहे. बारामतीत कुणाला सांगू नका.”

काय हसल्या! एक म्हातारी तर उठून माझ्याशी फुगडी घालायलाच आली. मग जी सुरुवात झाली ती थांबेना. एकीनं शाळेतलं सांगितलं, एकीनं ऊसतोडीच्या फडातलं, एक रडली, तिला चौघींनी धरलं. दोन तास गेले. मी मधे मधे मागं बघत होते. तो सगळं ऐकत होता. एकदाही उठला नाही. दूधवाला मात्र पाणी प्यायला म्हणून तीनदा बाहेर जाऊन आला.

शेवटी बाई म्हणाल्या, “आता पाहुण्यांनी ऐकवावं.” एकही बाई उठून गेली नाही.

ड्रम सुरू झाला. मग बेस. मग हा. पहिलं कडवं झालं. कुणी नाचत नव्हतं, कुणी जेवत नव्हतं. दोनशे माणसं शब्द ऐकत होती. ‘पाळी चुकली गं माय, पाळी चुकली,’ त्यानं म्हटलं, ‘वरच्यानं...’ आणि थांबला.

ड्रमचा ताल दोन वेळा फिरून आला. सिस्टरनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं पुन्हा तोंड उघडलं, ‘वरच्यानं...’ आणि पुन्हा नाही. मला वाटलं विसरला. दूधवाला वाजवायचा थांबला.

बायका बसून राहिल्या. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी खाकरलं नाही. थांबल्या नुसत्या.

“वरच्यानं आडिवलं नव्हतं,” तो माईकमधे म्हणाला. गाण्यात नव्हे, बोलण्यात. “पाणी आलं हुतं. मीच रानात नव्हतो.”

मग त्यानं गाणं पुढं म्हटलं, ती ओळ सोडून. तिच्या जागी नुसतं गिटार वाजवलं. टाळ्या पडल्या, खूप पडल्या. त्याला ऐकू आल्या असतील असं मला वाटत नाही.

परतताना मी मागं त्याच्याजवळ बसले. तो आपणच सांगायला लागला. बारावीला होता. दुपारची पाळी. वडील कारखान्यावर कामाला गेलेले, आई आजारी. कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी सांगून गेला होता की पाणी सुटेल, याला दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला पाठवलं. पलीकडच्या वस्तीवर लग्न होतं. बँड आलेला. याला राहवलं नाही, म्हटलं एक गाणं ऐकून येतो. परत आला तर दिवस कलला होता. चारी ओली होती आणि पाणी ओढ्याला जाऊन संपलं होतं. घरी येऊन सांगितलं, पाणी आलंच नाही, वरच्यांनी अडवलं. वडिलांनी वरच्या शेजाऱ्याशी बोलणं तोडलं. ते दोघं एका ताटात जेवणारे. पुढं शेजारी गेला, मग वडील गेले. बोलले नाहीत ते नाहीतच.

“आन् आई?”

“आई गुमान ताक घेऊन जायची तेंच्या घरला. बाबा वरडायचे. तरी जायची.” मग म्हणाला, “उभ्या मान्सापुढं खोटं खपतं, आक्का. शंभरदा म्हणलं मी त्ये गाणं. आज बाया बसल्या, आन् माझ्याच्यानं म्हणवंना.”

पुढचं आधी सांगून टाकते. बँड त्यानंतर दोन वर्षं चालला. मग सिस्टरला परदेशात नोकरी लागली, दूधवाल्यानं गोठा वाढवला, आणि हा मोटरींचं दुकान घेऊन कळसला गेला. मोबाईलवर ती आठ गाणी आहेत अजून. त्यातलं ‘पाळी चुकली’ त्यानं काढून पुन्हा नवं भरलं. माझी शिट्टी दुसऱ्या गाण्यात आहे, ती राहिली. गिरणी आता रिकामी आहे. पाटी लावलेली नाही.

पण त्या दिवशी बारामती आली तरी यानं टेम्पो थांबवू दिला नाही. “सरळ चल,” म्हणाला, “कळसला.” दिवस मावळायच्या आत पोचलो. आई अंगणात वैरण आवरत होती. बारकीशी बाई, पदर डोक्यावर. पोराचं गाणं तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. यानंच कधी ऐकवलं नव्हतं.

“आई, बस जरा,” तो म्हणाला.

“का रं? काय झालं?” माझ्याकडं बघून म्हणाली, “ह्या कोण?”

“गिरणीवाल्या आक्का. तू बस.”

ती वैरणीच्या पेंढीवर बसली. मी दगडावर. त्यानं गिटार घेतलं. विजेचं गिटार, वीज नसली की डास गुणगुणावा तेवढाच आवाज. तेवढ्यावर त्यानं ते गाणं म्हटलं, हळू, पहिल्या शब्दापासून. त्या ओळीला आल्यावर या वेळी थांबला नाही. तिथल्या तिथं नवी जोडली, ‘पाणी आलं हुतं गं माय, लेक बँडाम्होरं हुभा’. यमक जुळत नव्हतं. शेवटापर्यंत म्हटलं आणि गिटार खाली ठेवलं.

आईनं वैरणीची एक काडी मोडली, दुसरी मोडली. सिस्टर आणि दूधवाला टेम्पोपाशी उभे राहिलेले, तेही हलले नाहीत.

“जेवला हुतास का तितं?” आईनं विचारलं.

“कुठं?”

“त्या लग्नात.”

“न्हाय,” तो म्हणाला. “नुसता बँड ऐकत ऱ्हायलो.”

“व्हय,” ती म्हणाली. “सांच्याला पाच भाकरी खाल्ल्यास तवाच मला वाटलं, ह्यो काय रानात नव्हता.”